आपला मोरोक्को कुठाय?

स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ या तीन वर्षांत जे झालं, त्याला आपल्याकडची शिकलेली माणसं 'यादवी युद्ध' म्हणतात. यादवी! म्हणजे प्रभासक्षेत्री दारू पिऊन एकमेकांवर तुटून पडलेले कृष्णाचे भाऊबंद. सगळे एका कुळातले, एका पंगतीतले, एका वाड्यातले. शब्द ऐकला की वाटतं, घरातलं भांडण होतं, हातघाईवर आलं, दोन्हीकडची लेकरं मेली, वाईट झालं बुवा.

आमचा पहिला दगड या शब्दावर.

ज्याच्याकडे अख्खं गाव आहे आणि ज्याच्याकडे त्या गावात फक्त स्वतःचे दोन हात आहेत, ते दोघं भाऊ कधी झाले? स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, एस्त्रेमादुरात, नजर पोचेल तिथपर्यंत जमीन एकेका जमीनदाराची. भल्या पहाटे गावच्या चौकात भूमिहीन मजूर रांगेनं उभे राहायचे. जमीनदाराचा मुकादम यायचा. बैल पारखावा तसा माणूस पारखायचा. तू चल, तू चल, तू नको. मागच्या साली युनियनच्या सभेत जो बोलला तो नको. आपल्या कुठल्याही शहरातल्या मजूर नाक्यावर सकाळी आठला जाऊन उभे राहा, स्पेन दिसेल. शतकानुशतकं तो माणूस तिथं उभा होता, उपाशी घरी जात होता, तेव्हा त्याला कुणी भाऊ म्हटलं नाही. त्यानं हातात बंदूक धरली आणि लगेच सगळे म्हणायला लागले, अरे अरे, भाऊ भाऊ लढतायत!

युद्ध १९३६ ला सुरू झालं नाही. १९३६ ला फक्त दुसऱ्या बाजूनं उत्तर दिलं.

आता थोडक्यात इतिहास. १४ एप्रिल १९३१ ला स्पेनमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आलं. प्रजासत्ताकानं शाळा काढल्या, बायांना मताचा हक्क दिला, चर्चचा राज्यावरचा पंजा सोडवला, जमीन वाटू असं वचन दिलं. वचन दिलं, पण जमीन वाटता वाटता हात थरथरले. मधली दोन वर्षं उजव्यांचं राज्य आलं. १६ फेब्रुवारी १९३६ ला डाव्यांची आणि लोकशाहीवाद्यांची आघाडी निवडणूक जिंकली आणि लोक थांबले नाहीत. २५ मार्च १९३६ ला एका दिवसात एस्त्रेमादुरातल्या बादाखोस जिल्ह्यात साठ हजारांच्या आसपास गरीब शेतकरी नांगर घेऊन जमीनदारांच्या पडीक रानात घुसले. नाशिकच्या माणसाला हे परकं वाटायला नको. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेव्हा लाखो माणसं पडीक जमिनीसाठी तुरुंगात गेली. मागणी तीच. कसणाऱ्याला जमीन.

स्पेनमधल्या जमीनदारांनी, बिशपांनी आणि सेनापतींनी कोर्टकज्जे केले नाहीत. १७ जुलै १९३६ ला मोरोक्कोतल्या छावणीतून लष्कराचं बंड सुरू झालं, १८ जुलैला ते स्पेनभर पसरलं. जनरल फ्रँको त्याचा म्होरक्या झाला. आणि मग तीन वर्षं रक्त.

तुम्ही म्हणाल, गोदाकाठी बसून हे कशाला उकरतोस? सात समुद्रापलीकडचं मढं आपल्या दारात कशाला?

मढं आपल्या दारातलंच आहे. ऐका.

२ मार्च १९३० ला याच नाशकात काळाराम मंदिराच्या दारावर आपले बापजादे जाऊन उभे राहिले. बाबासाहेबांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची फौज. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया. चारी दरवाजे बंद. रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, डोकी फुटली. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं की, जन्म कुठल्या धर्मात घ्यायचा हे हातात नव्हतं, पण मरण त्या धर्मात येणार नाही.

आता याच वर्षांची दुसरी वही उघडा. डॉक्टर बाळकृष्ण शिवराम मुंजे, हिंदू महासभेचे पुढारी. गोलमेज परिषदेहून परतताना ते इटलीत थांबले. १९ मार्च १९३१ ला रोममध्ये मुसोलिनीला भेटले. लहान पोरांना गणवेश घालून कवायत शिकवणारी फॅसिस्टांची बालिल्ला नावाची संघटना त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आवडली, आपल्या हिंदूंना असंच काहीतरी पाहिजे असं डायरीत लिहून ठेवलं. त्याच मुंज्यांनी १९३२ ला एम. सी. राजा यांच्याशी करार करून बाबासाहेबांच्या स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला सुरुंग लावला. १९३५ ला त्यांनी हिंदू लष्करी शिक्षणाची संस्था काढली आणि १९३७ ला शाळा उघडली. कुठं? आपल्या नाशकात. भोसला मिलिटरी स्कूल.

१९३७ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मुसोलिनीची फौज स्पेनमध्ये लढत होती. एकूण सत्तर हजारांहून जास्त इटालियन सैनिक त्यानं फ्रँकोच्या मदतीला पाठवले. हिटलरनं विमानं पाठवली. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बास्क लोकांच्या गेर्निका गावात बाजाराचा दिवस. जर्मन आणि इटालियन विमानांनी तीन-साडेतीन तास बॉम्ब टाकले, जाळपोळीचे बॉम्ब टाकले, पळणाऱ्यांवर मशिनगन चालवल्या. गाव गेलं. नाशकात एका माणसाला रोमची कवायत आवडली. त्या कवायतीचं पुढं काय होतं ते गेर्निकानं पाहिलं.

आणि जगानं काय केलं? इंग्लंड-फ्रान्सनं सत्तावीस देशांची 'हस्तक्षेप न करण्याची' कमिटी काढली. गोदीत बोजा वाहणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. पेटीवर काय लिहिलंय आणि पेटीत काय आहे, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पेटीवर लिहिलं होतं 'तटस्थ'. आत काय होतं? निवडून आलेल्या सरकारला शस्त्रं विकत घ्यायची बंदी, आणि बंडखोराला हिटलर-मुसोलिनीकडून उघड पुरवठा. अमेरिकेनं बंदुकांवर बंदी घातली, पण टेक्साको कंपनीचं तेल फ्रँकोला उधारीवर जात राहिलं. रणगाडा तेलावर चालतो, हे काय त्यांना माहीत नव्हतं? सोव्हिएत रशियानं शस्त्रं दिली, पण स्पेनच्या बँकेतलं ५१० टन सोनं जहाजांत भरून नेलं आणि सोबत आपले गुप्त पोलीसही पाठवले.

तरी माणसं गेली. पन्नासाहून जास्त देशांतून पस्तीस हजारांच्या आसपास माणसं आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये लढायला गेली. खाणकामगार, खलाशी, शिंपी, कवी. इंग्रजांच्या बटालियनला नाव दिलं होतं मुंबईत जन्मलेल्या शापूरजी सकलातवालांचं. आणि त्या बटालियनमध्ये 'जॉन स्मिथ' नावाचा एक माणूस होता. त्याचं खरं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार. नागपूरचा मराठी माणूस.

हा हुद्दार कोण? बाळाजी हुद्दार म्हणून लोक ओळखत. १९२९ ला नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची घडी बसली, डॉक्टर हेडगेवार सरसंघचालक झाले, तेव्हा पहिला सरकार्यवाह झाला तो हा. १९३१ च्या बालाघाटच्या सशस्त्र दरोड्याच्या खटल्यात तुरुंगात गेला. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला लंडनला गेला. तिथं कामगारांच्या सभा ऐकल्या, स्पेनमधून आलेली माणसं पाहिली आणि १९३७ च्या ऑक्टोबरात नाव बदलून स्पेनला गेला. १९३८ च्या एप्रिलात गांदेसाच्या लढाईत फ्रँकोच्या माणसांनी त्याला पकडलं. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात छळछावणी होती, तिथं कोंडलं.

या छावणीबद्दल आपल्याला माहीत असायलाच पाहिजे. तिथं फ्रँकोचा लष्करी मनोविकारतज्ज्ञ अंतोनियो वायेखो-नाखेरा यानं १९३८ ला परदेशी कैद्यांवर 'संशोधन' चालवलं. माणूस मार्क्सवादी का होतो, ते त्याला कैद्यांच्या शरीरात आणि बुद्धीत शोधायचं होतं. म्हणजे बंड हा भुकेचा परिणाम नाही, बंड हा हलक्या पैदाशीचा दोष आहे! दोस्तहो, हा माणूस आपल्या ओळखीचा वाटतो की नाही? युरोपात यासाठी मोजपट्टी घेऊन छावणी उघडावी लागली. आपल्याकडे मनूनं मोजपट्टीशिवायच काम उरकलं. आईच्या पोटात असतानाच निकाल.

त्या निकालाला हुद्दार हे चालतंबोलतं उत्तर होता. जन्मानं ब्राह्मण, घडण संघाची, आणि पकडला गेला फॅसिस्टांशी लढताना. १९३८ च्या अखेरीस तो सुटून परत आला, मुंबईत-नागपुरात सत्कार झाले, १९४० ला तो कम्युनिस्ट पक्षात गेला. १९७९ मध्ये इलस्ट्रेटेड वीकलीत त्यानं लिहिलं की, १९३९ ला सुभाषबाबूंचा निरोप घेऊन तो हेडगेवारांना भेटायला गेला होता. कुठं? पुन्हा आपल्याच नाशिकजवळ, देवळालीला. आजारी आहे असं सांगून हेडगेवारांनी भेट टाळली, असं त्याचं म्हणणं. माणूस बदलू शकतो, हे हुद्दारनं दाखवलं. हुद्दारला सलाम.

सलाम केला, आता प्रश्न.

स्पेनसाठी त्या वर्षांत भारतात सभा झाल्या, वर्गण्या झाल्या. १९३८ च्या जूनमध्ये नेहरू स्वतः बार्सिलोनाला जाऊन आले. छान. पण त्याच १९३८ च्या ७ नोव्हेंबरला मुंबईत काळ्या कामगार कायद्याविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून संपावर उतरले, तेव्हा काँग्रेसच्या सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. स्पेनच्या कामगारासाठी डोळ्यांत पाणी, मुंबईच्या कामगारासाठी बंदुकीत गोळी. आणि ज्यांना बार्सिलोना जवळची वाटली, त्यांच्यातल्या कितीजणांना काळारामाचं दार दिसलं? बाबासाहेबांनी १९३८ च्या फेब्रुवारीत आपल्याच मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांना सांगितलं की, तुमचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच महिन्यात स्पेनमध्ये तेरुएल शहर प्रजासत्ताकाच्या हातातून गेलं. एका शत्रूशी लढणारे मरत होते आणि इथं एक माणूस सांगत होता की, शत्रू दोन असतात. दुसरा विसरलात तर पहिल्याकडून मराल.

स्पेनचं प्रजासत्ताक नेमकं त्यानंच मेलं. दुसरा शत्रू त्यानं स्वतःच्या घरात ठेवला होता. त्याचं नाव मोरोक्को.

मोरोक्कोचा उत्तर भाग स्पेनच्या ताब्यात होता. तिथं रिफच्या डोंगरात गरीब, कंगाल कबिले राहायचे. १९२१ ला अब्द अल-करीमच्या नेतृत्वाखाली त्यांनी बंड केलं, स्पेनच्या फौजेची धूळधाण केली, आपलं प्रजासत्ताक काढलं. स्पेननं त्यांच्या गावांवर, बाजारांवर विमानातून विषारी वायू टाकला. १९२६ ला बंड मोडलं. फ्रँको नावाचा अधिकारी याच युद्धात मोठा झाला. स्पेनचे लोक या माणसांना 'मूर' म्हणायचे. मूर म्हणजे रानटी, मूर म्हणजे घाणेरडा, आईनं पोराला भीती घालायची तर मूर येईल म्हणायचं. आपल्याकडं जातीचं नाव शिवीसारखं वापरतात, तसंच.

१९३१ ला प्रजासत्ताक आलं. समता, बंधुता, सगळं आलं. पण कुणासाठी? मूर होता तिथंच राहिला. माद्रिदला मालक बदलले, मोरोक्कोत वसाहत तीच. १९३६ च्या सप्टेंबरात मोरोक्कोतले स्वातंत्र्यवादी बार्सिलोनाला येऊन म्हणाले, आमच्या स्वातंत्र्याची घोषणा करा, आम्ही फ्रँकोच्या पाठीमागं आग लावतो. माद्रिदचं सरकार घाबरलं. फ्रान्स रागावेल! फ्रान्सच्या ताब्यातला मोरोक्कोही उठेल! दिली नाही घोषणा. ज्या फ्रान्सनं बंदुका दिल्या नाहीत, त्याची मर्जी राखायला ज्यांनी जीव दिला असता त्यांना परत पाठवलं.

आणि फ्रँकोनं काय केलं? ज्या फ्रँकोच्या फौजेनं त्यांची गावं विषारी वायूनं मारली, त्याच फ्रँकोनं त्यांच्या दारात जाऊन भरती उघडली. त्या साली रानात पीक नव्हतं. आगाऊ पगार, साखर, तेलाचा डबा, घरी पोरं किती तेवढे पाव. सत्तर ते ऐंशी हजार मोरोक्कन माणसं तीन वर्षांत फ्रँकोच्या फौजेत आली. हिटलर-मुसोलिनीच्या विमानांनी त्यांना समुद्रापार उतरवलं. पुढं त्यांना ठेवलं. सगळ्यात आधी गोळी त्यांनी खाल्ली, आणि सगळ्यात घाण कामं त्यांच्या हातून करून घेतली. १४ ऑगस्ट १९३६ ला बादाखोस पडलं. ज्या जिल्ह्यात पाच महिन्यांपूर्वी शेतकऱ्यांनी नांगर घातले होते, त्याच जिल्ह्याच्या गावात बैलांच्या झुंजीच्या रिंगणात शेकड्यांनी मजूर उभे करून मारले. भूमिहीनांच्या हातून भूमिहीन. आणि मेलेल्यांच्या बाजूचे कवी-पत्रकार काय लिहीत होते? मूर रानटी आहे, मूर जनावर आहे. म्हणजे पुन्हा तेच. जे त्याला आधीही म्हणत होते.

फ्रँको ही लढाई धर्मयुद्ध आहे म्हणायचा. ज्या ख्रिस्ती धर्मानं एकेकाळी मुरांना स्पेनमधून हाकललं, त्या धर्माच्या रक्षणासाठी मूर आणले! त्यांच्या छातीवर येशूच्या हृदयाचे बिल्ले लावले! हसू येतं ना? थांबा, हसू नका. आपल्या वस्तीतल्या पोराच्या कपाळाला पट्टी बांधून त्याला कुठल्या देवळाच्या रक्षणासाठी पाठवतात, ते आठवा. ज्या देवळात त्याच्या आज्याला पायरी चढू दिली नव्हती.

इथं कुणी विचारेल, मग १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला आपण काय केलं? आपणही परक्याची बंदूक धरलीच ना? धरली. पण फरक बघा. पेशवाईनं कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधलं, आणि आपले पूर्वज त्या पेशवाईवर चालून गेले. बंदुकीचं तोंड जुलूम करणाऱ्याकडं होतं. मोरोक्कनाची बंदूक जुलूम करणाऱ्याच्या बाजूनं उभी राहून त्याच्यासारख्याच उपाशी माणसावर चालली. बंदूक कुणी दिली हा अर्धा प्रश्न. तिचं तोंड कुणाकडं आहे, हा पुरा प्रश्न.

युद्ध संपलं. २६ जानेवारी १९३९ ला बार्सिलोना पडलं, २८ मार्चला माद्रिद. १ एप्रिलला फ्रँकोनं विजय जाहीर केला. रणांगणाबाहेर, भिंतीला उभं करून, खड्ड्याच्या काठावर मारलेल्यांचा इतिहासकार पॉल प्रेस्टन यांचा आकडा दोन लाखांच्या घरात आहे. त्यातले दीड लाखांच्या आसपास फ्रँकोच्या बाजूनं मारलेले. जवळपास पन्नास हजार प्रजासत्ताकाच्या बाजूनं मारलेले, आणि त्यांत सहा-सात हजार पाद्री आणि जोगिणी. हे आम्ही लपवणार नाही. आपल्या बाजूचं पाप आपणच लिहायचं असतं, नाहीतर शत्रू ते तिप्पट करून लिहितो. १९३६ च्या ऑगस्टात ग्रानादाजवळ लोर्का या कवीला मारलं. त्याचं प्रेत अजून सापडलेलं नाही. फ्रँको मात्र २० नोव्हेंबर १९७५ ला बिछान्यात मेला. कैद्यांच्याही घामानं उभारलेल्या प्रचंड थडग्यातून त्याची पेटी बाहेर काढायला २०१९ साल उजाडावं लागलं. आणि ते मोरोक्कन? पेन्शन मिळाली ती स्पॅनिश सैनिकाच्या मानानं चिल्लर.

एक गोष्ट राहिली. फ्रँको दारात असताना प्रजासत्ताकवाले आपसात लढले. १९३७ च्या मे महिन्यात बार्सिलोनात अराजकवादी आणि पोऊम पक्षाचे लोक एका बाजूला, कम्युनिस्ट आणि सरकारी पोलीस दुसऱ्या बाजूला, असे रस्त्यात पाच-सहा दिवस गोळ्या झाडत होते. शेकडो माणसं मेली. पोऊमचा नेता आंद्रेउ निन याला स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी उचलून संपवलं. फॅसिस्टांचा हस्तक असा शिक्का आधी मारला, मग माणूस मारला. हे वाचलं की मान खाली जाते. १९७२ ला पँथर जन्माला आली, १९७४ ला फुटली, १९७७ ला बरखास्त झाल्याचं जाहीर झालं. मार्क्स की बुद्ध, यावर आपण एकमेकांना जे म्हणालो, ते १९७४ च्या जानेवारीत भागवत जाधवला दगडानं मारणाऱ्यांनाही आपण म्हणालो नव्हतो. रिपब्लिकन पक्षाच्या किती चिरफळ्या झाल्या, ते मोजायला बोटं पुरत नाहीत.

पण फूट हा वरचा रोग. आतला रोग मोरोक्को.

म्हणून आज विचारतो, आपला मोरोक्को कुठाय?

सवर्ण पुरोगामी मित्रांना उत्तर सोपं आहे. तुमचा मोरोक्को आम्ही. 'फॅसिझमविरुद्ध एकजूट' म्हणून तुम्ही हाक देता, आम्ही येऊ. पण आधी घोषणा करा. जमिनीची, नोकरीची, तुमच्या कमिटीतल्या खुर्चीची, तुमच्या घरातल्या सोयरिकीची. लढाई जिंकल्यावर बघू, असं माद्रिदही म्हणालं होतं.

पण हे सोपं उत्तर देऊन थांबलो, तर हे संपादकीय खोटं ठरेल. कारण आपल्या घरातही एक मोरोक्को आहे, आणि तो आपण पाळलाय.

माझ्या मागच्या गल्लीत मातंगांची घरं. तिथला एक दोस्त माझ्याबरोबर गोदीत आला, एकाच टोळीत आम्ही बोजा उचलला. मागच्या साली एका मिरवणुकीत तो मला दिसला. कपाळाला पट्टी, हातात काठी, मशिदीसमोर सगळ्यात पुढं. मी दुसऱ्या दिवशी त्याला धरलं, म्हटलं, तू तिथं काय करतो रे? तो म्हणाला, "तिथं मला नावानं हाक मारली. तुमच्या मंडळात लहानपणापासून मी 'तो मागच्या गल्लीतला' होतो."

मी गप्प. काय बोलणार? जयंतीच्या वर्गणीला आम्हाला त्याचं दार आठवायचं. कमिटी करताना त्याचं नाव नाही आठवायचं. बुद्धविहारात बावीस प्रतिज्ञा म्हणणारी आमची माणसं त्याच्या गल्लीत लग्नाची गोष्ट निघाली की जात विचारायची. आम्ही बुद्धाला घरात घेतलं आणि मनूला मागच्या दारी बांधून ठेवलं.

साडेतीन वर्षांच्या लेकराला कळेल असं सांगतो. ज्याला आपण घरात घेत नाही, त्याला शत्रू अंगणात बोलावतो. पाव देतो, बिल्ला लावतो, काठी देतो, आणि पुढं उभा करतो.

आणि बघा कुणाला आपण मागच्या गल्लीत ठेवलं! १९७८ ला नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेला हालहाल करून मारलं. बाबासाहेबांचं नाव सोडत नाही म्हणून. पोचिराम मातंग होता. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केलं. अण्णा भाऊ मातंग. आणि आता ज्यासाठी मी एवढा स्पेन तुमच्यापुढं ओतला ते ऐका. वाटेगावच्या मांगवाड्यातला, शाळेत धड न टिकलेला हा पोरगा मुंबईत आला, हमाली केली, गिरणीत राबला, भिंतीवरच्या पाट्या वाचत अक्षरं शिकला. १९३९ ला, वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी, त्यानं पहिला पोवाडा रचला. कशावर? शिवाजीवर नाही, पेशव्यावर नाही. स्पेनवर! स्पॅनिश पोवाडा.

काय वाटलं असेल त्याला? गोदाकाठी एकजण मुसोलिनीची कवायत शिकवत होता, दिल्ली-मुंबईत मोठी माणसं स्पेनवर ठराव करत होती, आणि माटुंग्याच्या लेबर कँपात एक मातंग पोरगा डफावर थाप मारून सांगत होता की, ते मेलेले मजूर माझे आहेत. त्याला कुणी मोजपट्टी लावली नव्हती, कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं. तो योगायोगानं मेलासुद्धा १८ जुलैलाच, १९६९ च्या. एका खोलीत, गरिबीत. आणि आम्ही त्याचा फोटो त्याच्या गल्लीत ठेवला आणि आपला फोटो आपल्या.

आज वर्गीकरणाचा वाद पेटलाय. १ ऑगस्ट २०२४ ला, नेमकं अण्णा भाऊंच्या जयंतीच्या दिवशी, सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की, अनुसूचित जातींमध्ये राज्यांना पोटवर्ग करता येतील. आपली पोरं म्हणतात, हे आपल्याला फोडायला आहे. त्यांची पोरं म्हणतात, तुम्ही सगळं खाल्लं. मला विचाराल तर फोडणारे फोडणारच, त्यांचं ते कामच आहे. सरकारी नोकऱ्या आटत चालल्यात आणि उरलेल्या भाकरीच्या तुकड्यासाठी आपल्याला झुंजवलं जातंय, हेही खरं. पण मला एक सांगा, कोर्टानं सांगण्याआधी आपण कधी त्यांच्या गल्लीत जाऊन विचारलं का, की बाबांनो, तुमच्यातल्या कितीजणांना नोकरी लागली? किती पोरी कॉलेजात गेल्या? आपण नाही विचारलं. म्हणून कोर्टानं विचारलं. उद्या फ्रँको विचारेल.

तेव्हा हे संपादकीय शोक करायला नाही, कामाला लावायला आहे. येत्या १ ऑगस्टला अण्णा भाऊंची जयंती आपल्या विहारासमोर झाली पाहिजे, आणि १४ एप्रिलच्या कमिटीत मातंग, चर्मकार, मेहतर, भटक्या-विमुक्तांची माणसं वर्गणीच्या वहीत नव्हे, निर्णयाच्या बैठकीत पाहिजेत. बाया पाहिजेत. काळारामाच्या पहिल्या तुकडीत पंचवीस बाया होत्या, तुमच्या कमिटीत किती आहेत ते मोजा. वर्गीकरणावर मोर्चा काढायच्या आधी दोन्ही गल्ल्यांची एक सभा घ्या, आकडे समोर ठेवा, शिव्या खायच्या असतील तर आधी आपण खाऊ. त्यांचा वाटा निघत असेल तर कोर्टाची वाट न बघता आपल्या तोंडानं कबूल करू. घोषणा आपण करू. माद्रिदनं केली नाही, आपण करू.

माझा दोस्त अजून त्या पट्टीवाल्यांच्यात आहे. मी त्याला आणायला जाणार आहे. मोकळ्या हातानं गेलो तर तो येणार नाही, आणि त्यानं येऊही नये. कमिटीच्या कागदावर त्याचं नाव लिहून, तो कागद घेऊन जाणार आहे. तुमच्याही मागच्या गल्लीत एकजण असेल. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का?

नसेल, तर मोरोक्को तिथंच आहे.

जयभीम!